बिस्किट कलरच्या टाइल्सवर कुठला रंग? (आधी एक कोरा कागद घ्या)

म्हणजे पुण्यात सहकारनगरमधला जुना टू बीएचके घेतलात, बाथरूमला सात फुटांपर्यंत बिस्किट कलरच्या टाइल्स आहेत, धडधाकट आहेत म्हणून फोडायच्या नाहीयेत, आणि वरच्या भिंतीला तुम्हाला राखाडी हवाय, मिस्टरांना पांढराशुभ्र आणि सासूबाईंना पिस्ता. तर आधीच सांगते, तिघांत सासूबाई उत्तराच्या सगळ्यात जवळ आहेत, पण त्यांनाही अर्धेच मार्क.

राखाडीचं पहिलं बोलते कारण ते मी स्वतः भोगलंय. आमच्या कोथरूडच्या घरात अशाच टाइल्स होत्या, तेव्हा जिकडेतिकडे ग्रे चालू होता, मीही शेडकार्डवरचा एक छान थंडगार ग्रे पसंत केला. पेंटर म्हणाला, ताई बघा हं. मी म्हटलं बघितलंय. दुसरा हात वाळला, संध्याकाळी दिवा लावला, तर भिंत चक्क आकाशी आणि टाइल्स चहात बुडवून विसरलेल्या ग्लुकोज बिस्किटासारख्या! डबा तोच, नंबर तोच. होतं काय, बिस्किट कलर म्हणजे मुळात मळवलेला नारिंगीच, त्याच्या शेजारी निळ्याकडे झुकणारा रंग आला की दोघं एकमेकांना चढवतात, ग्रे आणखी निळा दिसतो आणि टाइल आणखी पिवळी-तांबडी. पांढऱ्याशुभ्रचा घोटाळा वेगळा, नव्या कोऱ्या शर्टाशेजारी जुना गंजीफ्रॉक वाळत घातल्यासारखं होतं, टाइल स्वच्छ असली तरी मळकी वाटते. मिस्टरांना एवढं एकच उदाहरण पुरेल.

आता मुद्द्याचं. बिस्किट कलर हा एक रंग नाहीये, त्यात तीन जाती आहेत आणि तुमची कुठली ते कळल्याशिवाय दुकानात जाऊच नका. एक टाइल नीट धुवून पुसून घ्या (साबणाचा थर आणि टँकरच्या पाण्याचे क्षार असतील तर खरा रंग दिसतच नाही), तिच्यावर झेरॉक्सचा कोरा कागद टेकवा आणि कागदाच्या कडेला काय दिसतं ते बघा. एरवी नुसता बदामी वाटणारा रंग कागदाशेजारी आपली जात दाखवतो. बेसनासारखा पिवळट आहे, की कॅलामाइन लोशनसारखा गुलाबीसर, की मुलतानी मातीसारखा किंचित हिरवट-राखाडी? दिवसा एकदा आणि रात्री दिव्यात एकदा बघा.

बेसनवाली असेल तर साईच्या रंगाचा ऑफ व्हाइट चालतो, आणि सासूबाईंचा पिस्तासुद्धा, फक्त आइस्क्रीमवाला नाही, त्यात राखाडी मिसळल्यासारखा, वाळलेल्या कढीपत्त्याच्या पाठीसारखा मळका हिरवा. ताजा पिस्ता लावलात तर सरकारी दवाखाना होतो. गुलाबीसर निघाली तर मात्र हिरव्याचं नावच काढू नका, हिरव्याशेजारी गुलाबी आणखी उठून दिसतो. पिवळट क्रीमही नको, तिथे मातकट झाक असलेला ऑफ व्हाइट किंवा धाडस असेल तर कौलाच्या रंगाची एकदम फिकी छटा. मुलतानीवाली सगळ्यात सोशिक, तिच्यावर तुमचा ग्रे पण चालेल, पण उबदार, म्हणजे राखेत दूध ओतल्यासारखा, निळसर नाही.

अजून एक चूक सगळे करतात, टाइलशी हुबेहूब मॅचिंग शोधतात. ते कधीच जमत नाही, थोडं हुकतंच, आणि थोडं हुकलेलं मॅचिंग चूक झाल्यासारखं दिसतं. एकतर टाइलपेक्षा स्पष्ट फिका घ्या, नाहीतर स्पष्ट गडद. टाइल्समध्ये मधोमध ती शंख-शिंपल्यांची किंवा फुलांची हायलाइटर पट्टी असेल ना (त्या काळातल्या अर्ध्या पुण्याच्या बाथरूममध्ये आहे), तर तिच्यातला सगळ्यात दबलेला रंग उचला आणि त्याची फिकी छटा वर लावा, ती पट्टी एकदम मुद्दाम निवडल्यासारखी वाटायला लागते.

लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस कसं दुकानाबाहेर उजेडात नेऊन दाखवतात, इथे बरोब्बर उलटं करायचं. रंग दुकानात बघू नका, बाहेर उन्हातही बघू नका, तुमच्या त्या डक्टकडे तोंड केलेल्या खिडकीच्या उजेडातच बघा. बोहरी आळीतून किंवा जवळच्या दुकानातून दोन शेडचे छोटे सॅंपल आणा, जाड पुठ्ठ्यावर दोन-दोन हात मारा, वाळू द्या आणि तो पुठ्ठा टाइल संपते तिथे उभा चिकटवून दोन दिवस आंघोळी करा. आणि बल्ब बघा. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला असेल तर तो निळसर पांढरा उजेड असतो, त्यात कुठलाही उबदार रंग आजारी दिसतो. ४००० वाला लावा, दीडदोनशे रुपयांत अर्धा प्रॉब्लेम जातो. मी आधी बल्ब बदलून बघितला असता तर कदाचित भिंत परत रंगवावी लागली नसती, पण तेव्हा सुचलं नाही.

रंगाच्या आधी सिलिंगकडे बघा. काळे ठिपके असतील तर ती गिझरच्या वाफेची बुरशी, ती साफ करून, पूर्ण वाळवून मगच रंग. पण पोपडे सुटले असतील, पांढरा लोणा (ओलीने भिंतीवर येणारे क्षार) फुलला असेल तर वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी येतंय, आणि मग आधी वरच्यांशी बोलणी, वॉटरप्रूफिंग, आणि सगळ्यात शेवटी शेड. (बोलणी कशी करायची यावर वेगळा धागा काढावा लागेल.) साफ करताना ब्लीच आणि अॅसिड चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल. खरंतर टाइल्सना अॅसिड नकोच, ते सांध्यातलं सिमेंट खातं. सांधे काळे पडले असतील तर रंगाच्या आधी खरवडून ग्राउट नवं भरून घ्या, टाइलला मिळत्या बदामी रंगाचं. पांढरं भरलंत तर सगळी भिंत चौकडीची वही होईल.

पेंटर डिस्टेंपर (तो स्वस्तातला, खडूसारखा रंग) म्हणाला तर नाही म्हणा, बाथरूममध्ये ते टिकत नाही, आणि पीओपीने खड्डे भरू देऊ नका, सिमेंटची पुट्टीच. धुता येईल असं बुरशीरोधक अॅक्रिलिक इमल्शन घ्या, हलकी चमक असलेलं. फार चकचकीत घेतलंत तर भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो, जुन्या प्लास्टरला तर नकोच. सिलिंगला भिंतीचाच रंग फिका करून किंवा सरळ तोच लावा. पाच बाय आठचं बाथरूम आणि टाइलच्या वर अडीच फूट भिंत धरली तर भिंत ६५ आणि सिलिंग ४० चौरस फूट, दोन हातांना दोन लिटर आरामात पुरतं, पेंटरने चार सांगितले तर बाकीचे दोन कुठे जाणार ते विचारा.

आणि गणपतीच्या आधी उरकायचंय म्हणून भर श्रावणात काम काढू नका, भिंत वाळत नाही आणि दिवाळीपर्यंत फुगे येतात. कागद लावून टाइलची तिन्हींपैकी कुठली जात निघाली ते इथेच लिहा, हायलाइटर असेल तर दिवसाउजेडी काढलेला फोटो टाका, मग शेडचं बोलू. सासूबाईंना अजून काही सांगू नका.