आहे ते सांग

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझे वडील दादा काय म्हणतील, मामा काय म्हणतील, शेजारच्या पोराची पीएसआयची पोस्ट निघाली तेव्हा गावात केवढा गुलाल उधळला, हे सगळं त्यात आहे. मधेच आठ-दहा ओळी मात्र वेगळ्या आहेत. हार्डवेअरवाल्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकलं होतं, खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-2बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळत नव्हत्या, आणि पुरवठादाराने ती बिलं भलत्याच ग्राहकाच्या नंबरवर चढवलीत हे तू रात्री उशिरा शोधून काढलंस. पुढे लगेच, ‘सॉरी सर, विषयांतर झालं.’ अरे, अख्ख्या पत्रात तू स्वतः तेवढ्याच ओळींत सापडलास, आणि त्याचीच माफी मागतोस?

दिवसभर टॅक्सच्या ऑफिसात काम करतोस, ते तुला आवडतं, हात बसलाय. घरी मात्र सांगतोस, ‘एमपीएससीचा अभ्यास चालू आहे.’ अभ्यासिकेची फी भरतोस आणि तिथं जातही नाहीस. माझं एकच म्हणणं आहे: आहे ते सांग. कुणी विचारलं तर ‘तयारी करतोय’ नाही, ‘अमुक काम करतो’ असं पूर्ण वाक्य बोल. ते वाक्य स्वतःच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय तुला तुझं काम खरं वाटणार नाही.

तू म्हणशील, राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली, सगळ्यांचीच पाटी कोरी झालीय, एक अटेम्प्ट द्यायला काय हरकत आहे? मनापासून द्यायचा असेल तर दे, मी पेपर तपासून देईन. पण निर्णय पुढे ढकलायला देणार असशील तर नको. वयोमर्यादा खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. ती सवलत आहे. घरोघरी मात्र ती भोगायची मुदत झालीय. तोवर पोराला थांब म्हणायचं नाही, आणि पोरानेही थांबलो म्हणायचं नाही. शेकड्यांत जागा आणि लाखांत अर्ज, हा हिशेब पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या प्रत्येक कॉटवर पडलेल्या पोराला पाठ असतो, तरी घरी फोन लावला की जीभ उचलत नाही.

माझीही उचलत नव्हती. मुलाखतीपर्यंत माझी मजल गेली होती, म्हणून तर जास्तच. शेवटची काही वर्षं पुस्तक उघडं ठेवून नुसता बसून काढली, मन केव्हाच उठून गेलं होतं. त्या वर्षांची खंत आहे. थांबल्याची नाही, हे नीट ऐक. वडील बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. आज माती परीक्षणाची लॅब चालवतो, शेतकऱ्याला मातीचा सामू (आम्लता किती ते) आणि सेंद्रिय कर्ब समजावून सांगतो, त्याची खताची एखादी गोणी वाचवतो. लग्नकार्यात अजून कुणीतरी म्हणतंच, ‘आणखी एकदा बसला असता तर साहेब झाला असता.’ झालो असतो किंवा नसतोही. मी मातीचं काम करतो, एवढं सांगतो आणि पंगतीला बसतो. दमलो म्हणून मी थांबलो नाही, मला हेच करायचं होतं. हे तुला पटो न पटो.

दादांनी 2024 साली सोयाबीन क्विंटलला 4,892 रुपयांच्या हमीभावाच्या खाली घालून तुला पैसे पाठवले, ते तुला टोचतं. टोचायलाच हवं. पण म्हणूनच आहे ते सांग ना! ज्याने पोटाला चिमटा काढून पैसे धाडले, त्याला तरी खरं कळू दे. तुला वाटतं तू त्यांचं मन जपतोयस. गावात त्यांना लोक ‘साहेबाचे वडील’ म्हणून हाक मारतात असं तूच लिहिलंयस. हे जितकं लांबवशील तितकं त्यांना पुढे चारचौघांत खाली बघावं लागेल. ते तुला चालणार आहे का?

फोनवर सांगू नकोस. महालक्ष्म्यांना घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हाही नको. 20 तारखेचे जीएसटीचे थ्री-बी रिटर्न भरून झाले की वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवरून रात्रीची गाडी पकड. आईला आधी सांगून तिला मध्ये घालू नकोस, दोघांना एकदमच सांग. मामांचं नंतर बघू. दादा चिडतील, ताटावरून उठतीलही. तू त्याच रात्री परतीची गाडी धरू नकोस, दोन दिवस घरी राहा. विचारतील तेव्हा त्या हार्डवेअरवाल्याचं सगळं पहिल्यापासून सांग, मला लिहिलंस तसंच.