महात्मा फुले जयंतीला पुण्यात मियावाकी वन लावावे का?

मियावाकी वन, म्हणजे थोड्या जागेत दाटीने लावलेले देशी झाडांचे छोटे जंगल, लावावे, पण जयंतीला रोपे लावू नयेत. ११ एप्रिल हा पुण्यात ऐन उन्हाळ्याचा दिवस असतो; त्या दिवशी खोदाईला प्रारंभ करावा आणि लागवड जूनअखेरीस, चांगला पाऊस झाल्यावर करावी. भाषणांपेक्षा हे जोतीरावांना अधिक रुचले असते, कारण १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, असे सांगितले आहे.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत जमीन सुमारे मीटरभर भुसभुशीत करून तीत शेणखत व भाताचे तूस मिसळतात, दर चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात आणि वर पेंढ्याचे जाड आच्छादन घालतात. दाटीमुळे रोपे उजेडासाठी सरळ वर धावतात. पहिली दोन-तीन वर्षे मात्र पाणी व खुरपणी चुकवता येत नाही. उंच थरासाठी काटेसावर, करंज, अर्जुन, मधल्या थरासाठी बहावा, आपटा, पळस आणि खाली मुरुडशेंग, निर्गुडी, करवंद अशी सरमिसळ करावी. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड टाळावे, आपल्या टेकड्यांवर ते आधीच उदंड झाले आहे.

टेकडीवरच्या गवताळ माळावर मात्र हा प्रयोग करू नये, कारण तो माळ ओसाड नसून ससे, चंडोल आणि असंख्य कीटकांचा स्वतंत्र अधिवास असतो. सोसायटीच्या कडेची राडारोडा पडलेली जागा यासाठी सर्वांत योग्य.