खुनी सांगू नका, पान सांगा

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं नव्या रहस्यकथा, थरारकथा आणि हेरकथांबद्दल आहेत. दिवाळी अंक आणि नव्या कादंबऱ्या एकदमच येऊन पडतात, तेव्हा असं व्हायचंच.

प्रश्न : एका नव्या रहस्य कादंबरीची जाहिरात आली आहे. ३२० पानं, किंमत ४५० रुपये, प्रकाशनपूर्व सवलतीत ३००. पैसे आता भरायचे, पुस्तक दोन महिन्यांनी. आमच्या वाचन गटासाठी सहा प्रती घ्यायचा विचार आहे. पुस्तक न बघता ठरवायचं कसं?
– सोसायटी वाचन गट, मुलुंड

उत्तर : जाहिरातीतली विशेषणं आधी पेन्सिलीने खोडा. 'श्वास रोखायला लावणारी', 'शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी' हे सगळ्याच पुस्तकांवर छापलेलं असतं. खोडल्यावर मागे एक माणूस, त्याची एक अडचण आणि एक जागा उरली, तर लेखकाकडे सांगण्यासारखं काही आहे. 'एक गूढ मृत्यू आणि अनेक गुपितं' एवढंच उरलं तर पैसे खिशातच राहू द्या.

मग प्रकाशकाला फोन करा. पुस्तक खरंच नवं आहे का, हे आधी विचारा. वेबसीरिज आली की जुनी कादंबरी नव्या मुखपृष्ठात येते. श्रेयपानावर पहिल्या आवृत्तीचं साल असतं, ते फोनवर सांगायला कुणाची हरकत नसावी. मालिकेतलं पुस्तक असेल तर कितवं, तेही विचारा. तिसऱ्या भागात बहुधा पहिल्या भागाचा उलगडा सहज बोलता बोलता केलेला असतो, आणि मग पहिला भाग वाचण्यात राम राहत नाही. अनुवाद असेल तर अनुवादक कोण आणि मूळ भाषेतून केलाय की इंग्रजीवरून, हे विचारा. जपानी कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आली की पोलिसांच्या हुद्द्यांपासून जेवणापर्यंत सगळं दोनदा गाळून येतं.

शेवटी पहिलं प्रकरण मागा. ते मिळालं की पहिल्या दहा पानांत नावं किती येतात ते मोजा. आठच्या वर नावं असतील आणि त्यातल्या कुणालाच काही काम नसेल, तर गर्दी जमवून रहस्य तयार करायचा बेत दिसतो. आणि सुरुवातीलाच तिरक्या अक्षरांत निनावी खुन्याचं मनोगत चार पानं चालत असेल, तर स्वतःच्या पहिल्या प्रकरणावर लेखकाचाच भरवसा नाही.

आता हिशेब. सहा प्रतींवर ९०० रुपये वाचतील, पण पुस्तक फसलं तर १८०० जातील. दोनच प्रती घ्या. रहस्यकथा माणूस तीन-चार दिवसांत संपवतो, म्हणजे दोन आठवड्यांत सहाही जणांचं वाचून होतं.

प्रश्न : रहस्यकथा, थरारकथा, हेरकथा हे फरक दुकानातल्या कप्प्यांपुरतेच आहेत ना?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही. दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी घ्या. सकाळी सहाला आलेली पिशवी दुपारी बारापर्यंत तशीच आहे. रहस्यकथेत ती खूण आहे : घरातलं माणूस सहाच्या आधीच मेलेलं असणार, मग आठ वाजता त्याच्याशी फोनवर बोललो म्हणणारा शेजारी खोटं का बोलतो? थरारकथेत दाराआड कोण उभं आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि पिशवी घ्यायला शाळेतून आलेली मुलगी हात पुढे करते. हेरकथेत ती पिशवी मुद्दाम ठेवलेली असते. समोरच्या चाळीतून कुणीतरी ती बघतं आणि आजची भेट रद्द झाली असं समजतं.

म्हणून परीक्षणातही निकष वेगळे लावावे लागतात. रहस्यकथेत खुणा वेळेवर दिल्या का, थरारकथेत वेळेचा ताण टिकला का, हेरकथेत कोण कुणाचा माणूस हा संशय शेवटपर्यंत जिवंत राहिला का, हे बघायचं. थरारकथेला 'खुनी आधीच कळला' म्हणून झोडपणारी परीक्षणं दर वर्षी निघतात. तिथे खुनी लेखकानेच आधी सांगितलेला असतो!

प्रश्न : वाचनालयाच्या वार्षिकासाठी एका रहस्य कादंबरीचं परीक्षण लिहायचं आहे. शेवट अजिबात पटलेला नाही, पण तो फोडल्याशिवाय चूक दाखवायची कशी?
– एक कार्यकर्ती, गिरगाव

उत्तर : पुस्तक दोनदा वाचावं लागेल. दुसरं वाचन तासाभराचंच असतं.

पहिल्या वेळी शेजारी एक चिठ्ठी ठेवा आणि काहीही खटकलं की फक्त पान क्रमांक टिपा. का खटकलं ते लिहीत बसू नका, वेग जातो. पुस्तकाचा चार पंचमांश भाग झाला की थांबा. ३२० पानांत हे पान २५६ च्या आसपास येतं. पुस्तक मिटून तीन ओळी लिहा : कोण, का, कसं. मग उरलेलं वाचा. तुमचा अंदाज चुकला म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही आणि बरोबर आला म्हणून वाईटही ठरत नाही. त्या तीन ओळी पुढच्या कामाला लागतात.

दुसऱ्या वेळी फक्त टिपलेली पानं उघडा. प्रत्येक ठिकाणी ते वाक्य आधी काय सांगत होतं आणि शेवट कळल्यावर काय सांगतं ते ताडून पाहा. चांगल्या रहस्यकथेत एकच वाक्य दोन्ही वेळा खरं असतं. कच्च्या पुस्तकात ते दुसऱ्या वेळी सरळ खोटं ठरतं, किंवा ज्या वस्तूवरून उलगडा होतो ती तुमच्या चिठ्ठीत मुळी नसतेच. नसली तर ती पहिल्यांदा कुठे आली ते शोधा. तेच पान तुमचं परीक्षण.

'शेवट ओढूनताणून आणला आहे' या वाक्यातून वाचकाला काही मिळत नाही. 'ती शेजारीण असं करेल हे पटत नाही' यात सगळंच फुटलं. त्याऐवजी असं लिहा : 'ज्या गोष्टीवरून उलगडा होतो ती वाचकाला पान २९० वर पहिल्यांदा दिसते, तपास अधिकाऱ्याला मात्र ती पान ४० पासून ठाऊक असते.' यात कुणाचं नाव नाही, पण आरोप पक्का आहे आणि ज्याला तपासायचा आहे त्याला तपासता येतो. तपास करणाऱ्याने सापडलेली खूण वाचकापासून लपवू नये, हा नियम रोनाल्ड नॉक्स या इंग्लंडमधल्या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये आपल्या दहा नियमांत घातला होता. त्याच यादीत गुप्त खोली किंवा गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको असंही आहे. बाकीचे नियम मोडून उत्तम पुस्तकं झाली, हा मात्र मोडला की अजूनही वाचक चिडतो.

कथानक सांगताना पहिल्या चतुर्थांशापलीकडे जाऊ नका. ३२० पानांत म्हणजे पान ८० पर्यंत. नकळत फुटणं मात्र वेगळ्याच वाटांनी होतं. 'शेवटून तिसऱ्या प्रकरणात जबरदस्त कलाटणी आहे' असं लिहिलंत की वाचक तिथे टपून बसतो. 'अमुक कादंबरीची आठवण झाली' म्हणालात, आणि ती अमुक कादंबरी तिच्या शेवटासाठीच प्रसिद्ध असेल, तर झालंच. 'छोट्याशा भूमिकेतला लिफ्टमन लक्षात राहतो' हे तर निव्वळ पोलिसांना टिप देणं आहे.

प्रश्न : मुंबईत घडणाऱ्या कादंबऱ्यांत पोलीस आणि कोर्टाच्या कुठल्या चुका हमखास दिसतात? नेमकं काय तपासायचं?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आधी कथेचं साल बघा. १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. २०२५ च्या खुनात निरीक्षक 'तीनशे दोन लावतो' म्हणाला तर लेखकाने जुनी टिपणं वापरली आहेत. (सवयीने तोंडात येईलही, पण एफआयआरवर नाही.) २०२३ च्या खुनात मात्र ३०२ च बरोबर. संशयास्पद मृत्यूची पहिली नोंद बहुधा अकस्मात मृत्यू म्हणून होते, पोलिसांच्या बोलीत एडीआर. खुनाचा गुन्हा शवविच्छेदनानंतर किंवा पुरावा मिळाल्यावर दाखल होतो. हा मधला काळ कथेसाठी सोन्यासारखा आहे. कच्चे लेखक तो वाया घालवतात.

कबुलीजबाब ही सर्वांत मोठी चूक. लॉकअपमध्ये आरोपी 'हो, मीच मारलं' म्हणतो आणि पुस्तक संपतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आधी तसंच होतं आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तसंच आहे. आरोपीने सांगितलं आणि त्यावरून सुरा सापडला, तर सांगण्यातला तेवढाच भाग चालतो. टोळीची कथा असेल तर अपवाद आहे : १९९९ च्या मकोका कायद्यात अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरता येते, मुंबईत म्हणजे डीसीपी. लेखकाने ही कबुली पीएसआयपुढे घेतली असेल तर ते पान टिपा.

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो, उच्च न्यायालयात नाही. तिथे ज्युरी नसते आणि न्यायाधीश 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणत हातोडा आपटत नाहीत.

मृत्यूची वेळ हाही नेहमीचा घोळ. 'रात्री अकरा चाळीसला मेला' असं कुठलाही डॉक्टर देहावरून सांगत नाही, तो काही तासांची कक्षा देतो. मे महिन्यात बंद खोलीतली हवा शरीराच्या तापमानाच्या जवळ असते, म्हणून देह फार हळू थंड होतो, पण उकाड्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर सुटतो. एसी चालू असेल तर उलट. एसी कुणी बंद केला यावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. आणि तो रुमाल : क्लोरोफॉर्म नाकाला लावल्यावर माणूस दोन सेकंदांत कोसळत नाही, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर तो झटापट करतो. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दिसला तर तोही टिपा. जवळजवळ सगळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये फिरतं चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते, आवाज तिथून बाहेर पडतोच. पिस्तुलाचं वेगळं.

राहिला मुंबईचा भूगोल. हार्बरची लोकल दादरला जात नाही. चेंबूरहून हार्बरने निघालेला संशयित दादरला उतरला तर तो कुर्ल्याला गाडी बदलून आला असणार, आणि ती बदलण्याची मिनिटं त्याच्या जबानीत हवीत. रात्री उशिरा शेवटची गाडी गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत लोकल नसतात. त्या वेळात कुणी लोकलने पळून जात असेल तर सोडून द्या.

प्रश्न : हेरकथांमधला 'मोल' मराठीत काय म्हणून लिहावा? एका अनुवादात चक्क 'तीळ' वाचला.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरभेदी. इतका नेमका शब्द हाताशी असताना तीळ कशाला? इंग्रजीत हा शब्द जॉन ल कारे यांच्या १९७४ च्या कादंबरीने सर्वतोमुखी केला, आणि त्यातला मोल म्हणजे जमिनीखाली बोगदे करणारा प्राणी. अनुवादकाने शब्दकोशातला चुकीचा अर्थ उचलला.

हेरकथेत आणखी दोन गोष्टी बघा. अधिकारी आणि एजंट ही दोन वेगळी माणसं : अधिकारी पगारावर असतो, एजंट म्हणजे त्याने फोडलेला परका माणूस. 'रॉचा एजंट' म्हणून नायक मिरवला की ओळखावं, लेखकाचा अभ्यास सिनेमाचा आहे. आणि रॉ ही १९६८ मध्ये स्थापन झालेली परदेशी माहिती काढणारी संस्था, तिला अटकेचा अधिकार नाही. मुंबईत कुणाला पकडायचं तर पोलीस, एटीएस किंवा एनआयए हवी. एनआयए २००८ च्या कायद्याने आली, म्हणून १९९३ च्या कथेत ती नको.

प्रश्न : बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथांना आजचे निकष लावावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खुणांचा हिशेब लावू नका. त्यांची पुस्तकं हजारावर आहेत, आणि झुंजार किंवा काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या कथा वाचणारा कोडं सोडवायला बसत नसे, पुढे काय होतं ते बघायला बसे. वेग, संवाद, प्रकरण कुठे तोडलंय हे बघा. प्रकरण तोडण्यात ते आजच्या अनेकांना भारी पडतात.

प्रश्न : वाचनालयातून आणलेल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर कुणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. आता काय?
– एक वैतागलेली वाचक, दादर

उत्तर : वाचा. अशी नावं बऱ्याचदा मस्करीत चुकीची लिहिलेली असतात, आणि बरोबर असलं तर वर सांगितलेलं दुसरं वाचन तुमच्या वाट्याला पहिल्याच फेरीत आलं. पुढच्या वाचकासाठी मात्र ते काढा. पेन्सिलीचं असेल तर मऊ पांढऱ्या रबराने एकाच दिशेने हलक्या हाताने खोडा, मागेपुढे घासलं की जुना कागद चुरगळतो. पेनाचं असेल तर त्यावर कागदाचा तुकडा खळीने चिकटवा. सेलोटेप नको, तिचा गोंद पिवळा पडतो आणि नाव आतून दिसतच राहतं.