ड्रमसेटवर बसण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ड्रमसेट अमेरिकेत तयार झाला, मग त्यात आफ्रिकेचं काय, असं तू विचारलंस. सुटे भाग पाहिले तर तुझी शंका रास्त आहे. स्नेअर हा खरखरीत आवाजाचा ढोल युरोपच्या लष्करी पथकांतून आला, झांजा तुर्कस्तानातून, सुरुवातीचे टॉमटॉम, म्हणजे लहान-मोठे सुटे ढोल, चीनमधून. १९०९ च्या सुमारास विल्यम लडविगने बास ड्रम या सर्वांत मोठ्या ढोलासाठी पायाने जलद चालणारं पेडल काढलं आणि दोघांतिघांचं काम एकट्याला पेलू लागलं. पण ही वाद्यं एका जागी मांडून त्यांच्याकडून जे वदवून घेतलं गेलं, ते आफ्रिकेचं. ते कोणत्या वाटेने आलं, हे तुला ठाऊक असायलाच हवं.

१७३९ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत ते निघाले होते. पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल माणसं गोळा करतो, निरोप पोचवतो, याची मालकांना धास्ती होती. ढोल गेले, ताल राहिला. टाळ्यांत, मांड्या-छाती थोपटण्यात, पाय घासत गोल फिरण्यात तो टिकून राहिला. १९५५ मध्ये अमेरिकन गायक-गिटारवादक बो डिडलीने गिटारवर वाजवलेला ठेका ऐक, त्या थोपटण्याशी त्याचं नातं लगेच कानाला कळेल.

न्यू ऑर्लिन्समध्ये गोष्ट वेगळी होती. तिथे रविवारी काँगो स्क्वेअरच्या मैदानात गुलाम जमत, वाजवत, नाचत. १८१९ मध्ये बेंजामिन लॅट्रोब नावाचा वास्तुविशारद तिथे गेला. फूटभर व्यासाच्या ढोलावर घोड्यावर बसावं तसा बसलेला एक म्हातारा त्याने पाहिला. हाताची कड आणि बोटं वापरून तो विलक्षण वेगाने वाजवत होता. लॅट्रोबला ते संगीत आवडलं नाही, पण वाद्यांची चित्रं मात्र त्याने काढून ठेवली. पुढे याच शहरात जॅझ घडला आणि बेबी डॉड्ससारखे ड्रमर तयार झाले.

आता हाताने करून बघ. तुला केरवा येतो: धा गे ना ती, न क धी ना. यातल्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे धा, ती आणि धी यांवर, जोर दे. तीन, तीन, दोन. क्यूबातली क्लावे, म्हणजे तिथल्या संगीताचा आधार असलेला पाच ठोक्यांचा ताल, याच तीन ठोक्यांनी सुरू होते. पुढच्या आठ मात्रांत तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर आणखी दोन ठोके पडले की ती पुरी होते. केरवा आफ्रिकेतून आला, असा अर्थ यातून काढू नकोस. तुझा हात या वळणाला अनोळखी नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

आफ्रिकन ताल म्हणजे नुसता जोश, असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. घानातल्या एवे लोकांचं वादन लक्ष देऊन ऐक. लोखंडी घंटेवर बारा मात्रांत सात ठोके पडतात, प्रत्येक ठोक्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर असं: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. घंटा आपली जागा सोडत नाही. खुळखुळा आणि लहान ढोल आपापला छोटा तुकडा धरून राहतात, आणि या सगळ्यावर मुख्य ढोल बोलतो. केवढी शिस्त आहे ही! मोठ्या ढोलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण घंटावाला ढळला तर सगळंच कोसळेल.

नायजेरियातल्या लागोसचा ड्रमर टोनी ॲलन मुद्दाम ऐक. मॅक्स रोच आणि आर्ट ब्लेकी या अमेरिकन ड्रमरांच्या रेकॉर्डवरून तो शिकला आणि गायक-संगीतकार फेला कुटीबरोबर त्याने ॲफ्रोबीट हा संगीतप्रकार उभा केला. आफ्रिकेतून गेलेलं ज्ञान अमेरिकेत नवं रूप घेऊन परत आफ्रिकेत पोचलं. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय चार वेगळ्या माणसांसारखे बोलतात, पण आवाज कुठेही चढत नाही.

सध्या वेग वाढवू नकोस. फिल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये भरायचे तुकडे, तर अजिबात नकोत. आधी घंटेचे सात ठोके टाळीने पक्के कर, मग पायाने सम धर, मग तोंडाने एखादं गाणं म्हण. तिन्ही एकाच वेळी न अडखळता जमले की रेकॉर्ड करून पाठव. त्यानंतरच स्टिक हातात घे.

तुझा,
सर