आईचं नाव पीपीओत एक, आधारवर दुसरं

(माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना कागदपत्रांबाबत पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं या सदरात एक निवृत्त सुभेदार देतात. त्यांची सगळी नोकरी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, कारकुनीत गेली.)

प्रश्न : माझे वडील 1982 साली नाईक म्हणून निवृत्त झाले, आता 78 वर्षांचे आहेत. त्यांच्या पीपीओत (पेन्शनच्या हुकमात) आईचं नाव ‘कमल’ आहे. आधार, पॅन, बँकेचं खातं, सगळीकडे मात्र ‘हौसाबाई’. ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवरही ‘कमल’च आलं. बँकवाले म्हणतात प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला लिहा. सेवा केंद्रातला मुलगा म्हणतो, आईचं आधारच ‘कमल’ करून टाकू. पलटणीचं नाव कृपया छापू नये. (एक वाचक, तालुका पाटण)

उत्तर : दादा, त्या मुलाला आधी थांबवा. आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं, आणि सगळं नावच पालटायचं तर राजपत्र मागतात. ते झालं तरी पुढे पॅन, बँक, मतदार यादी हे सगळं ‘कमल’ करत बसावं लागेल. एका कागदासाठी बाकीचे सगळे कागद बिघडवायचे हा कुठला शहाणपणा?

हा घोळ मुळात कसा होतो ते सांगतो, कारण अर्जात तेच लिहायचं आहे. पोरगा अठराव्या वर्षी भरती होतो, तेव्हा त्याच्या किंड्रेड रोलवर, म्हणजे नातेवाइकांच्या यादीवर, आई, बाप, भावंडं एवढीच नावं असतात. पुढे वार्षिक सुट्टीत लग्न उरकतं. ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं जातं, जवान पलटणीत परततो आणि क्लार्कला तेच नाव सांगतो. क्लार्क लग्नाची पार्ट टू ऑर्डर (नोंदीचा हुकूम) काढतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तिथं ‘कमल’ कायमची लागते. इकडे गावात त्या नावानं तिला कुणी हाकच मारत नाही. माहेरची हौसा सासरी हौसाबाई होते आणि मतदार यादीवाला तेच टिपून घेतो. खोटं कुणीच बोललेलं नाही. आमच्या टेबलावर सातारा-कोल्हापूरकडची फाइल आली की मी आधी बायकोचं नाव बघायचो.

आता कुठं जायचं? बँकेत नाही आणि पहिल्या झटक्यात प्रयागराजलाही नाही. पेन्शनचा हुकूम प्रयागराजहून निघतो हे खरं, पण नाव-गाव-तारखा त्यांना रेकॉर्ड ऑफिस कळवतं. मुळातलं नाव बदललं नाही तर तुमचा अर्ज फिरून तिथंच येणार. म्हणून सुरुवात वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसपासून. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला. पत्रावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि पीपीओ नंबर ठळक लिहा. नंबराशिवाय आलेलं पत्र कुठल्या फाइलला लावायचं, हे शोधण्यातच क्लार्कचा दिवस जातो.

पण अर्जाआधी एक करा. मूळ नोंद काय आहे ते डोळ्यांनी बघा. निवृत्तीवेळी मिळालेलं डिस्चार्ज बुक घरात असेलच. त्याशिवाय वडिलांच्या सहीनं माहितीच्या अधिकारात शीट रोल (नोकरीच्या मूळ नोंदींचा कागद) आणि किंड्रेड रोलच्या प्रमाणित प्रती मागवा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. हे का, तर कधीकधी मूळ कागदावर नाव बरोबर असतं आणि पीपीओ टाइप करताना किंवा माहिती ‘स्पर्श’वर चढवताना चूक होते. तसं निघालं तर नाव बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. नुसती नक्कल दुरुस्त करायची, आणि ते काम फार हलकं.

मूळ नोंदच ‘कमल’ निघाली, तर वडील आणि आई दोघांचं प्रतिज्ञापत्र लागेल : ‘कमल’ आणि ‘हौसाबाई’ ही एकच व्यक्ती, पहिलं नाव लग्नात ठेवलेलं, दुसरं माहेरचं आणि वापरातलं. सोबत दोघांची आधार-पॅन, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती, जोडफोटो. एखाद्या अक्षराची चूक असती तर एवढ्यावर भागलं असतं. अख्खं नाव वेगळं असलं की बहुधा एका इंग्रजी आणि एका मराठी वर्तमानपत्रात जाहीर प्रगटनही मागतात. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसचा नमुना थोडा निराळा असतो, म्हणून नमुना आधी मागवा, खर्च मग करा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवा. तिथले कल्याण संघटक हेच काम करत असतात.

आणि एक बारकावा. प्रतिज्ञापत्रात लग्नाची तारीख आठवणीनं लिहू नका. पार्ट टू ऑर्डरवर जी असेल तीच उतरवा. नाव जुळवायला गेलेला माणूस तारखेत अडकून परत आलेला मी पाहिला आहे. वकिलाच्या टायपिस्टला हे कुणी सांगत नाही.

मंजुरी झाली की रेकॉर्ड ऑफिस नोंद बदलून प्रयागराजला कळवतं, तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघतो. लोक त्याला कॉरिजेंडम म्हणतात. तो ‘स्पर्श’वर दिसला की उतरवून घ्या आणि अक्षर न् अक्षर तपासा. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावरचं नावही तेव्हाच सरळ करा.

हे सगळं याच महिन्यात सुरू करा. वडील हयात आहेत तोवर ‘ही माझी बायको’ असं सांगणारी त्यांची एक सही पुरते. त्यांच्या पश्चात तेच आईला सिद्ध करावं लागेल, आणि तोवर फॅमिली पेन्शन अडकलेली असेल.

प्रश्न : सासूबाई 83 वर्षांच्या आहेत. फॅमिली पेन्शन चालू आहे, पण 80 नंतरची वाढ लागली नाही. पीपीओत त्यांची जन्मतारीखच नाही. (एक वाचक भगिनी, खटाव)

उत्तर : ताई, जुन्या पीपीओत बायकांच्या जन्मतारखेची जागा सर्रास कोरी असते. पूर्वी तिचं काही कामच नव्हतं. आता आहे : 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला दुप्पट. ज्या महिन्यात वय भरतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ही वाढ लागू होते. पण तारीखच नसेल तर संगणकाला वय कळणार कसं?

सासूबाई शाळेत गेल्या नसतील तर काळजी नको. पॅन, आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांवरची तारीख चालते. जोडण्यापूर्वी मात्र सगळे कागद शेजारी ठेवून बघा. आधारवर एक साल आणि पॅनवर दुसरं असेल तर ते आधी निस्तरा, नाहीतर अर्ज शेरा मारून परत येईल. अर्ज पुन्हा रेकॉर्ड ऑफिसलाच. त्यात वाढ मागील तारखेपासून फरकासह मिळावी असं स्वच्छ लिहा. न लिहिलेलं कुणी स्वतःहून देत नाही, हे माझं कारकुनी मत.

प्रश्न : माझी शाळेतली तारीख 1 जून, तीच डिस्चार्ज बुकात आहे. पत्रिकेप्रमाणे जन्म ऑक्टोबरचा. बदलून मिळेल का? (एक माजी हवालदार, जत)

उत्तर : नाही, हवालदारसाहेब. गुरुजींनी आपल्या पिढीतल्या निम्म्या गावाला 1 जूनला जन्माला घातलं, त्यातलेच तुम्ही. भरतीच्या वेळी दिलेली तारीख पक्की धरतात. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांच्या जन्माचं साल 1950 की 1951, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि 1950 च्या हिशेबानं त्याच वर्षी 31 मे रोजी ते निवृत्त झाले. सरसेनापतीचं चाललं नाही, तिथं आपली पत्रिका काय चालणार?

शीट रोलवर एक तारीख आणि पीपीओत दुसरी असेल तर गोष्ट वेगळी. ती नकलेची चूक, ती दुरुस्त होते. तुमचं तसं नाही. तुमच्या आधारवर कुणी ऑक्टोबर घातला असेल तर तो मात्र 1 जून करून घ्या. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा केंद्रावर जाताना डिस्चार्ज बुक आणि शाळेचा दाखला सोबत न्या.