जिंकवलं, पण पुढे काय? रेसलिंगवरचे तुमचे प्रश्न

यावेळचे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतायत, जुने मोठे स्टार जागा अडवून बसतात का आणि नवीन पोरं वर का येत नाहीत. हाताला लागले तसे घेतो.

प्रश्न: हल्क होगनकडे ‘क्रिएटिव्ह कंट्रोल’ होता असं सारखं वाचतो. म्हणजे नक्की काय? आणि त्यानेच डब्ल्यूसीडब्ल्यू बुडवली ना?

करारातलं एक कलम असतं ते. माझ्या मॅचचा शेवट मला पटला नाही तर मी नाही म्हणणार आणि कंपनीने ते ऐकायचं, एवढाच त्याचा अर्थ. होगन १९९४ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूत, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीत आला तेव्हा त्याचं नाव एवढं मोठं होतं की तो मागेल ते मिळालं. आणि त्याने ते वापरलंही.

सगळे स्टारकेडचं, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोचं उदाहरण देतात, २८ डिसेंबर १९९७. स्टिंग वर्षभर एकही मॅच न खेळता पांढरा चेहरा, काळा कोट घालून छतात उभा राहायचा, खाली यायचा तो बॅट घेऊन. पब्लिकला एकच पाहिजे होतं, त्याने होगनला सरळ धुवावं. आणि ठरलं काय, तर रेफरी निक पॅट्रिक चीटिंग करून फास्ट काउंट करणार, मग ब्रेट हार्ट येऊन अन्याय झाला म्हणून मॅच परत सुरू करणार. प्रत्यक्षात पॅट्रिकने काउंट केला नेहमीच्याच स्पीडने! म्हणजे टीव्हीवर दिसलं काय तर होगनने लेग ड्रॉप मारून स्टिंगला व्यवस्थित पिन केलं आणि ब्रेट उगाच भांडतोय. काउंट तसा का झाला यावर आजही वाद चालू आहेत. मॅच परत सुरू होऊन स्टिंग जिंकला खरा, पण पुढे जानेवारीत त्याच्याकडून चॅम्पियनचा पट्टा काढूनही घेतला.

तरी एकट्या होगनने कंपनी बुडवली हे मला काही पटत नाही. कलमावर कंपनीचीही सही होती. आणि मार्च २००१ मध्ये ती डब्ल्यूडब्ल्यूएफच्या विन्स मॅकमॅहनने विकत घेतली त्याच्या आधी तिच्या मालक टाइम वॉर्नरच्या नव्या मॅनेजमेंटने तिचे टीव्हीवरचे स्लॉटच बंद केले होते, आता टीव्हीच नाही तर रेसलिंग कंपनी विकत घेऊन कोण काय करणार.

प्रश्न: पण गोल्डबर्गकडून तर होगन क्लीन, म्हणजे चीटिंगशिवाय सरळ हरला होता. मग गोल्डबर्ग तसाच टॉपला का नाही टिकला?

एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. जुना स्टार हरला की नवीन स्टार तयार होतो असं आपण समजतो, पण ते अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, आणि ते होगनचं नाही तर बुकरचं काम, म्हणजे कोण कोणाशी लढणार आणि कोण जिंकणार हे लिहिणाऱ्याचं.

गोल्डबर्ग पहिल्यांदा टीव्हीवर दिसला सप्टेंबर १९९७ मध्ये. बोलणं नाही, लांब मॅच नाही, स्पिअर, जॅकहॅमर हे त्याचे दोन डाव, संपलं. दहा महिन्यांच्या आत, ६ जुलै १९९८ ला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये त्याने होगनला पाडून वर्ल्ड टायटल घेतलं. तो आवाज ऐका एकदा, ४० हजारांच्या आसपास लोक होते, बिल्डिंग हलते अक्षरशः. लोक म्हणतात ही मॅच पे-पर-व्ह्यूवर (पैसे भरून बघायच्या शोवर) विकायची सोडून नायट्रोवर, म्हणजे दर आठवड्याच्या टीव्ही शोवर फुकट दाखवली हा वेडेपणा. असेल. पण त्याहून मोठा वेडेपणा पुढच्याच रविवारी झाला. बॅश ॲट द बीचचा मेन इव्हेंट काय होता? होगन आणि डेनिस रॉडमन विरुद्ध डीडीपी (डायमंड डॅलस पेज) आणि कार्ल मलोन, त्यात रॉडमन आणि मलोन हे दोघे बास्केटबॉलवाले. नवा कोरा चॅम्पियन कर्ट हेनिगबरोबर खाली कुठेतरी. ऑगस्टमध्ये रोड वाइल्ड, मेन इव्हेंटला होगन आणि कंपनीचा बॉस एरिक बिशॉफ विरुद्ध डीडीपी आणि जे लेनो! हो, तोच रात्रीच्या टॉक शोवाला. आणि गोल्डबर्ग बॅटल रॉयलमध्ये.

म्हणजे होगन हरला खरा, पण जागा सोडली नाही, आणि कंपनीने सोडायला लावली नाही.

मग डिसेंबरमध्ये स्टारकेडला केव्हिन नॅशने गोल्डबर्गला हरवलं, तेही स्कॉट हॉलने टेझरचा शॉक दिल्यावर, आणि गोल्डबर्गची न हरण्याची स्ट्रीक तुटली. बरं, तोडली तर तोडली, नॅशला तरी मोठं करा. ते पण नाही. ४ जानेवारी १९९९ ला त्याच जॉर्जिया डोममध्ये होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश धाडकन पडला, होगन चॅम्पियन. आणि त्याच रात्री दुसऱ्या चॅनलवर मिक फोली पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूएफ चॅम्पियन होत होता, आणि डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कॉमेंटेटरने स्वतःच्या शोवर आधीच सांगून टाकलं की तिकडे फोली जिंकतोय, तर ढीगभर लोक चॅनल बदलून ते बघायला गेले. मला विचाराल तर तिथेच कळायला पाहिजे होतं, लोकांना कोण मोठं नाव आहे याच्याशी देणंघेणं नसतं, कोणीतरी नवीन जिंकतोय हे बघायचं असतं.

खालचे लोक हे सगळं बघतच होते. ख्रिस जेरिको १९९९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफकडे गेला, एडी गरेरो २००० च्या सुरुवातीला गेला. जेरिकोने डिसेंबर २००१ मध्ये तिकडे एकाच रात्री रॉक आणि ऑस्टिन दोघांना हरवलं. तोच माणूस डब्ल्यूसीडब्ल्यूत कधी मेन इव्हेंटच्या जवळसुद्धा गेला नव्हता.

प्रश्न: क्रिएटिव्ह कंट्रोल ब्रेट हार्टकडेही होता. मग तो हिरो आणि होगन व्हिलन, हा कुठला न्याय?

प्रश्न आवडला. ब्रेटच्या डब्ल्यूडब्ल्यूएफबरोबरच्या करारात कंपनी सोडतानाच्या शेवटच्या ३० दिवसांसाठी तसं कलम होतं, ‘रीझनेबल’ शब्द लावून. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल, सर्व्हायव्हर सिरीज. ब्रेटला कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायचं नव्हतं, वेगळा शेवट ठरला, आणि विन्सने ऐनवेळी रेफरीला घंटा वाजवायला लावून पट्टा काढून घेतला. म्हणजे कागदावर कलम असून त्याचा उपयोग शून्य.

हट्टीपणा ब्रेटचाही होताच, ते मी नाकारत नाही. पण माणूस बघताना त्याचं आधीचं खातं बघायचं. २३ मार्च १९९७, रेसलमेनिया १३, ब्रेट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. ऑस्टिन शार्पशूटरमध्ये, म्हणजे ब्रेटच्या पाय पिळण्याच्या डावात अडकलाय, चेहऱ्यावरून रक्त ओघळतंय, दात विचकून ओरडतोय पण टॅप करत नाही, म्हणजे हार मानत नाही, शेवटी शुद्ध हरपते आणि रेफरी मॅच थांबवतो. जिंकला ब्रेट, आणि स्टार झाला हरलेला माणूस. रात्रीत ऑस्टिन पब्लिकचा हिरो आणि ब्रेट हील, म्हणजे व्हिलन. एवढं स्वतःहून दुसऱ्याला देणारा माणूस एकदा नाही म्हणाला तर मी तरी समजून घेतो. होगनच्या खात्यात असा एक ऑस्टिन दाखवा.

प्रश्न: सगळं आधीच ठरलेलं, मग स्टार कसला? आमच्या कोल्हापुरात याला नुरा कुस्ती म्हणतात.

म्हणा की! मैदानात नुरा कुस्ती केली तर लोक चिडतात कारण त्यांना खरी कुस्ती म्हणून तिकीट विकलेलं असतं. इथे सगळ्यांना माहितीये. निकाल ठरवता येतो, पब्लिक कोणासाठी उभं राहणार ते ठरवता येत नाही. विश्वास नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: २०२४ मध्ये रॉकने कोडी ऱ्होड्सची जागा घेतली होती, मग परत दिली. हाही क्रिएटिव्ह कंट्रोलच ना?

त्याचाच मोठा भाऊ समजा. रॉक जानेवारी २०२४ मध्ये टीकेओच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या मालक कंपनीच्या बोर्डावरच बसला, आता याच्यापुढे कलमाची गरज काय! कोडीने रॉयल रंबल लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकलेली, ती जिंकणाऱ्याला रेसलमेनियात टायटलची मॅच मिळते, म्हणजे चॅम्पियन रोमन रेन्सशी मॅच त्याची, आणि पुढच्याच शुक्रवारी स्मॅकडाऊनवर कोडीने ती जागा रॉकच्या हातात दिली. लोक असे भडकले की चक्क रॉकला बू करायला लागले. एका आठवड्याच्या आत लास वेगासच्या प्रेस कॉन्फरन्समध्ये सगळं फिरवावं लागलं.

रॉकचं कौतुक इथे करायला पाहिजे, की तो रुसून घरी गेला नाही, लोकांच्या शिव्या घेऊन तोच हील झाला आणि कोडीचा प्रवास आणखी अवघड करून ठेवला. रेसलमेनिया ४० च्या पहिल्या रात्री रॉकने कोडीला पिन केलं, दुसऱ्या रात्री कोडीने रोमनची १३१६ दिवसांची सत्ता संपवली. आणि मुख्य म्हणजे नंतर वर्षभर पट्टा कोडीकडेच ठेवला. गोल्डबर्गला त्याच्या अर्धेही महिने मिळाले नव्हते, आणि त्यातही मेन इव्हेंटला दुसरेच.

प्रश्न: जिंदर महलला भारतासाठी चॅम्पियन केला होता, मग आपणच त्याला का नाही उचलून धरलं?

कारण आपल्याला काही उचलायला दिलंच नाही. २०१७ च्या मार्चपर्यंत पोरगं दर आठवड्याला हरत होतं, आणि २१ मे ला बॅकलॅशमध्ये रँडी ऑर्टनला हरवून थेट डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन. मेहनत होती, बॉडी होती, पण जवळजवळ प्रत्येक मोठ्या मॅचमध्ये त्याचे साथीदार सिंग ब्रदर्स मध्ये पडणार आणि हा जिंकणार. त्यात त्याला बनवला परदेशी हील, अमेरिकेतल्या पब्लिकने बू करावं म्हणून, आणि इकडे आपण टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा. जन्म कॅनडाच्या कॅलगरीतला, ते सोडून द्या, तो मुद्दा नाही. १७० दिवसांनी एजे स्टाइल्सकडे पट्टा गेला. आणि महिन्याभराने दिल्लीत शो झाला तेव्हा काय केलं? ट्रिपल एचने जिंदरला त्याच दिल्लीत पिन केलं आणि मग दोघांनी मिळून भांगडा केला. ज्याच्यासाठी तिकीट काढलं त्यालाच हरवलं, मग लोक कोणाला उचलून धरणार?

प्रश्न: जुनं काही बघायचं असेल तर कुठून सुरू करू?

रेसलमेनिया १३ ची ब्रेट-ऑस्टिन पहिली. मग हॅलोवीन हॅवॉक १९९८ ची गोल्डबर्ग-डीडीपी, छोटीशीच आहे पण गोल्डबर्गची त्या काळातली माझ्या मते बेस्ट मॅच. गंमत म्हणजे शो ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला आणि पैसे भरलेल्या बऱ्याच लोकांचं प्रक्षेपण नेमकं या मॅचआधीच तुटलं, शेवटी दुसऱ्या दिवशी नायट्रोवर फुकट दाखवावी लागली. त्याच शोमध्ये होगन विरुद्ध अल्टिमेट वॉरियर पण आहे, ती फॉरवर्ड करा.