खेळाडूने खासगीत नशा केली, तर समाजाला उत्तर द्यायला तो बांधील आहे का?

दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज कागिसो रबाडा नशेच्या पदार्थाच्या टेस्टमध्ये सापडला, तरी त्याला एकाच महिन्याची बंदी कशी, असं तुम्ही विचारलंय. ते आधी सांगून टाकतो. 2021 पासून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांत कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजातलं टीएचसी यांचा वेगळा गट आहे. स्पर्धेतल्या टेस्टमध्ये ते सापडलं, पण खेळाडूने ते स्पर्धेबाहेर घेतलं आणि खेळ सुधारण्यासाठी घेतलं नव्हतं हे सिद्ध केलं, तर बंदी 3 महिन्यांची. उपचार पूर्ण केले तर 1 महिन्याची. रबाडा महिनाभर बाहेर बसला आणि जून 2025 मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये 9 विकेट घेऊन गेला. परत यायचा रस्ता ठेवला होता म्हणून तो परत आला.

आता बांधील आहे का, याबद्दल. मी नाशिकचा. आमच्याकडे लांब पल्ल्याच्या धावपटूंची परंपरा आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ आणलं, त्यानंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या कितीतरी पोरापोरींना वाटायला लागलं की आपणही धावू शकतो. असाच एक मुलगा आमच्या क्लबकडे आला. क्लबने त्याला खोली दिली, डाएटचे पैसे दिले. पाच हजार मीटरला राज्य पातळीवर धावायचा. शेवटच्या दोन लॅपला त्याचे खांदे खाली यायचे, हात मोकळे सुटायचे आणि पुढचे धावणारे एकेक करून मागे पडायचे. असं धावणं शिकवून येत नाही.

सीझन संपल्यावर खोलीच्या गच्चीवर चौघांनी मिळून गांजा ओढला. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि सकाळपर्यंत तो क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. रविवारच्या रनिंगनंतर मिसळ खायला बसतो तिथेच कमिटी बसली. पोरगा दाराशी उभा. त्याला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. एक ज्येष्ठ सभासद डाव्या तळहातावर तंबाखू घेऊन बसले होते. डबीतून नखाने चुना काढला, अंगठ्याने मळला, दोन थापा मारून भुकटी उडवली, चिमूट ओठाखाली ठेवली आणि म्हणाले, "नासका आंबा आधी बाहेर काढायचा. बारकी पोरं बघतात याच्याकडे." पोरगा म्हणाला, "सर, परत नाही होणार." त्याच आठवड्यात खोली गेली, डाएट बंद झालं. आता तो अंबडला एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहे आणि धावत नाही.

मी तेव्हाही विरोध केला होता आणि आजही करतो. गांजावर वाडाची बंदी फक्त स्पर्धेच्या काळापुरती आहे, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या रात्री 11:59 पासून. सीझन नसताना ओढलेल्या गांजाबद्दल ऑलिंपिकच्या खेळाडूवरही डोपिंगची केस होत नाही. अमेरिकेची धावपटू शाकारी रिचर्डसन तर 2021 मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीतच गांजासाठी पॉझिटिव्ह आली. आईच्या मृत्यूची बातमी तिला त्याच दिवसांत एका पत्रकाराकडून कळली होती. महिन्याची बंदी झाली, टोकियोची 100 मीटर शर्यत हुकली. 2023 मध्ये बुडापेस्टला तीच 10.65 सेकंदांत जगज्जेती झाली. आमच्या पोराला अशी मुदत कुणी दिली?

बारक्या पोरांचंच म्हणाल, तर त्याच वर्षी आमच्या दौडीच्या टी-शर्टवर, पाठीवर मोठ्या अक्षरात, एका पानमसाल्याच्या ब्रँडची इलायची होती. नऊ-दहा वर्षांची पोरं ते घालून धावली, मेडल गळ्यात घालून फोटो काढले. तो स्पॉन्सर त्याच सभासदांनी आणला होता आणि कमिटीत कुणी हूं की चूं केलं नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, म्हणून नाव इलायचीचं. वर्ल्ड कप जिंकलेले आपले क्रिकेटपटूसुद्धा टीव्हीवर हेच विकतात. सचिनने तंबाखूची जाहिरात करणार नाही हा वडिलांना दिलेला शब्द पाळला, मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

तर माझं उत्तर असं. खेळाडू स्वतःचं नाव आणि चेहरा विकून पैसे घेतो, तिथे तो समाजाला शंभर टक्के बांधील आहे. बंद दाराआड स्वतःच्या शरीराचं काय करतो, ते त्याने टेस्टला, डॉक्टरला आणि कायद्याला सांगावं. मला, तुम्हाला किंवा आमच्या कमिटीला नाही.

यावरून गांजा चालतो असा अर्थ कुणी काढू नका. आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात गांजा ओढण्यालाही 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. सरकारी नोकरीची स्वप्नं बघणाऱ्या पोराला एक केस पुरते. पण त्याच कायद्याच्या कलम 64अ मध्ये, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळण्याची सोय आहे. कायद्यालाही सुचलं ते कमिटीला सुचू नये?

एमडी म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेबद्दल मात्र मी असं बोलणार नाही. 2023 मध्ये आमच्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच पकडला गेला, तेव्हापासून इथल्या आईबापांच्या पोटात गोळा आहे. तुमच्या ओळखीतलं कुणी त्यात असेल तर खासगी बाब म्हणून गप्प बसू नका. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन करा.

आणि आमच्या कमिटीतले काही जण हे वाचणार, मला माहीत आहे. त्यांना पुन्हा सांगतो, या पोराचं वय अजून गेलेलं नाही. दहा हजार मीटरला तर त्याची खरी वर्षं पुढेच आहेत. खोली आजही रिकामी आहे. ती त्याला परत द्या, डाएट चालू करा. पैशांचं कारण देणार असाल तर पहिल्या वर्षाचं डाएट मी भरतो.